लाटंबार्सेतलं चालू मशीन

सगुण गावस पावणीच्या गर्दीत पुढे सरकला की त्याची बायको कमलाक्षी मागून त्याचा सदरा धरायची, आणि ती उगाच धरत नसे. लाटंबार्सेच्या देवळात उत्सव झाला की देवीपुढे आलेल्या वस्तू चौकात मांडून पावणीला काढतात. नारळ, केळीचा घड, ओटीची साडी, जे असेल ते. गावचा ट्रकवाला विठू वस्तू हातात धरून ओरडतो, लोक बोली चढवत नेतात आणि शेवटची बोली ज्याची, त्याच्या घरी वस्तू जाते. यात सगुणची खोड अशी, की विठूने वस्तू उचलली आणि चौकात कोणी तोंड उघडलं नाही तर याला ते सोसवायचं नाही. देवीपुढची वस्तू, आणि मुकाट्याने खाली ठेवायची? मग हाच पहिला उलो मारायचा, पहिली बोली बोलायचा. आपण सुरुवात करून द्यावी, पुढे कोणीतरी चढेलच, असा त्याचा हिशेब. बहुतेक वेळा कोणी चढायचंही. पण दर वर्षी एखादी वस्तू याच्याच गळ्यात पडायची. मागच्या खेपेला दुधी भोपळा पडला होता, आणि तो एवढा दांडगा की कमलाक्षीने आठवडाभर दुसरी भाजी केली नाही. नवऱ्याशी बोलणंही तिने त्या आठवड्यात बेताचंच ठेवलं.

असा हा गृहस्थ एक दिवस अख्ख्या जगाच्या चौकात उलो मारून बसेल, हे मात्र तिच्याही ध्यानीमनी नव्हतं.

सगुण खाणीच्या ऑफिसात काट्यावर होता. खनिज भरलेले ट्रक काट्यावर यायचे, वजन व्हायचं, चिठ्ठी फाटायची. नव्वदच्या दशकात तिथे कॉम्प्युटर आला आणि साहेबांनी सगुणला त्याच्यासमोर बसवला, कारण बाकी सगळे त्याला हात लावायला घाबरत होते. कंपनीच्या एका इंजिनिअरने त्यावर एक फुकटची ऑपरेटिंग सिस्टम घालून दिली. ही सिस्टम म्हणजे जगभरातल्या हौशी मंडळींनी मिळून बांधलेली, कोणीही न्यावी, कोणीही सुधारावी अशी. मंडळी कधी एकमेकांचं तोंड बघत नसत, सगळा कारभार ईमेलवर चाले. सगुणने त्या ईमेलच्या यादीत आपलंही नाव घातलं आणि तेव्हापासून ती पत्रं तो नेमाने वाचत आला. निम्मं कळायचं, निम्मं डोक्यावरून जायचं. पण तिथली भांडणं इतकी सरस असायची, की गावच्या बैठकीतली भांडणं त्यापुढे फिकी.

पुढे काट्यावर नवा कॉम्प्युटर आला. जुना भंगारात निघाला तेव्हा सगुणने तो मागून घेतला आणि घरी आणून कोठीच्या खोलीत ठेवला. त्यानंतर खाणीच बंद पडल्या. बंद पडल्या त्या एका दिवसात. सगुण नेहमीसारखा सकाळी गेला तर फाटकाला कुलूप, आणि रखवालदार म्हणतो, घरी जा. गावात रस्त्याच्या कडेने ट्रक उभे राहिले ते राहिलेच. ताडपत्र्यांखाली चाकांत गवत वाढलं. विठूचाही एक ट्रक त्या रांगेत होता. सगुणला नोकरी गेल्याचं दुःख होतंच, पण त्याहून जास्त एक गोष्ट सलत होती. कुलूप घालताना कोणी विचारलं नव्हतं, की बाबा, तुझं इथे काही चालू आहे का?

आणि एका गुरुवारी सकाळी तोच प्रश्न त्याच्यासमोर आला.

चहात उंडो पाव बुडवून खाता खाता त्याने मुलीने दिलेला लॅपटॉप उघडला होता. यादीवर मारितचं पत्र होतं. मारित म्हणजे एस्टोनिया देशातली एक बाई, त्या सिस्टममधला जुन्या चिपांचा भाग ती सांभाळायची. तिने लिहिलं होतं, की अमुक जातीची चिप आता फार जुनी झाली. तिला सांभाळून घेण्यासाठी बाकीच्या कामात दर ठिकाणी वळसा घालावा लागतो, म्हणून येत्या आवृत्तीपासून या चिपेला सिस्टमची साथ मिळणार नाही. जगात कोणाकडे असं मशीन अजून चालू असेल तर कळवावं. याआधी मंडळींच्या दुसऱ्या यादीवर दोनदा विचारलं, कोणी बोललं नाही. हे शेवटचं विचारणं.

अमुक जात म्हणजे सगुणच्या कोठीतलीच. त्याने पत्राखाली पाहिलं. उत्तर एकही नाही. सगळं जग गप्प. त्याला चौकात वस्तू धरून उभा असलेला विठू दिसायला लागला, आणि बोटं आपसूक चालली. आहे, त्याने लिहिलं. इथे लाटंबार्सेत, डिचोली तालुका, गोवा. मशीन चालू आहे, उत्तम चालतं.

उचलली जीभ लावली टाळ्याला. ते मशीन चालू असणं सोडाच, कैक वर्षांत त्याला विजेचा स्पर्शसुद्धा झाला नव्हता. त्याच्या डोक्यावर कमलाक्षीची भिरंडसोलांची, म्हणजे आमसुलांची, बरणी होती आणि फ्लॉपी घालायच्या फटीत कुंभारीण माशीने मातीचं घर बांधलं होतं. पण सगुणला वाटलं, आपण सुरुवात करून दिली, आता जपानचा कोणी, ब्राझीलचा कोणी चढेल पुढे.

कोणी चढलं नाही. चहा निवायच्या आत मारितचं उत्तर आलं. बाईला आनंदाचं भरतं आलं होतं. तिने लिहिलं, की तुमच्याकडे मशीन आहे हे फारच उत्तम, नवी आवृत्ती सोबत पाठवते आहे, ती त्यावर चढवून बघा. आवृत्ती शनिवारी संध्याकाळी बंद होईल, म्हणजे त्यानंतर तिच्यात बदल होणार नाही. तोवर ती तुमच्याकडे चालली असं कळलं तर हा भाग राहील, नाहीतर निघेल.

सगुणने ते पत्र दोनदा वाचलं. हातातला उंडो तसाच ठेवून तो स्वयंपाकघरात गेला आणि बायकोला सगळं सांगून मोकळा झाला. कमलाक्षी आधी हसली. इतकी हसली की चुलीपुढे बसूनच राहिली. मग डोळे पुसून तिने विचारलं, की ती एस्टोनियाची बाय खरंच वाट बघत बसली असेल का? सगुण म्हणाला, असेल. तेव्हा ती उठली, कोठीत गेली आणि मशीनच्या डोक्यावरची बरणी उचलून कडेला घेतली.

"तुमी उलो मारलात," ती म्हणाली. "आता ती वस्तू घराक हाडल्याबगर सुटका ना."

त्या क्षणापासून घरात जी धांदल उडाली ती चवथीच्या आदल्या दिवशीसुद्धा उडत नाही. मशीन ओसरीवर आलं. सगुणने झाकण काढलं, आतली धूळ कुंचल्याने झाडली, आणि कमलाक्षीने केसातल्या आकड्याने कुंभारणीची माती कणाकणाने उकरून काढली. वीज लावली तर आतला पंखा घरघरला, काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं उमटली आणि सगुणने तोंडावर हात घेतला. जिवंत होतं. पण फ्लॉपीची फट काही दाद देईना. तिच्या आतलं सगळं मातीने खाल्लं होतं, आणि नवी सिस्टम आत शिरायची तर वाट तेवढी एकच.

एव्हाना विठू येऊन ओसरीच्या पायरीवर बसला होता. त्याच्यामागून आणखी चारपाच ट्रकवाले आले, कारण गावात दुसरं करायला काय होतं? विठूला नीटसं काही कळलं नाही, पण सगुणने परदेशातल्या पावणीत बोली केली एवढं पक्कं कळलं, आणि दुपारपर्यंत ते सगळ्या वाड्यावर पसरलं. कोणी म्हणालं सगुण कॉम्प्युटर विकतो आहे. कोणी म्हणालं विकत घेतो आहे.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार, म्हणजे म्हापशाचा बाजार. सगुण पहिल्या बसने निघाला. मिरच्यांचे ढीग, चोरिस सॉसेजच्या माळा, मडकी, सगळं ओलांडत तो बसस्टँडमागच्या दुरुस्तीच्या दुकानांपाशी पोचला. पहिल्या दुकानात त्याने फ्लॉपी मागितली तर पोराने त्याला पेन ड्राइव्ह दाखवला. दुसऱ्यात सरळ हसले. तिसरं दुकान नितीनचं, हा सावंतवाडीकडचा. तो हसला नाही. त्याने विचारलं, कशाला हवी? सगुणने सांगायला सुरुवात केली, आणि खरं सांगायचं तर जरा तिखटमीठ लावूनच सांगितली. शनिवारची मुदत ऐकल्यावर नितीन हातातला मोबाइल तसाच उघडा टाकून माळ्यावर चढला. खाली आला तो एक खोकं घेऊन. आत लग्नपत्रिका छापणाऱ्या कोणाच्या तरी जुन्या फ्लॉप्या होत्या, दर फ्लॉपीवर नवरानवरीचं नाव. एकेक लावून पाहिल्या. पुष्कळ नासल्या होत्या, पण चारदोन संसार अजून टिकून होते. खोक्याच्या तळाशी मशीनमध्ये बसवायची फ्लॉपीची एक सुटी फटही निघाली, आणि लॅपटॉपवरून फ्लॉपी भरायचं एक बाहेरचं यंत्रही नितीनने दिलं. ते देताना अट एकच घातली, की चाललं तर फोन करायचा. सगुण परतीच्या बसमध्ये ती पिशवी मांडीवर घेऊन बसला आणि अस्नोड्यापर्यंत त्याने कोणाशी एक शब्द काढला नाही. कोणी धक्का देईल ही भीती.

शनिवारी सकाळी ओसरीवर पाय ठेवायला जागा नव्हती. सगुणने रात्रीच नवी फट बसवून फ्लॉप्या भरून ठेवल्या होत्या. आंघोळ करून, देवाला हात जोडून त्याने पहिली फ्लॉपी आत ढकलली. मशीनने घशात काटा अडकल्यासारखा आवाज केला. मग पडद्यावर एक ओळ आली. दुसरी आली. ओळी भराभर वर सरकू लागल्या, आणि विठूने मागच्यांना गप्प बसायची खूण केली. आणि तिथेच घोडं पेंड खाऊ लागलं. एक ओळ अर्धवट उमटली ती उमटलीच. पुढे काही नाही.

बंद करून पुन्हा लावलं. त्याच ओळीवर थांबलं. फ्लॉपी बदलली, तरी तिथेच. मशीनच मेलं असावं, असं सगुणला वाटलं. इतकी वर्षं बरणीखाली ठेवलं, दुसरं काय होणार? त्याचा चेहरा बघून विठूला राहवलं नाही. तो जवळ सरकून हळू आवाजात म्हणाला, "चलता म्हणून बरय रे. ती बाय हय थोडीच बघूक येतली?"

चालतं म्हणून लिहायला तो सांगत होता, आणि बोलणं खोटं नव्हतं. कोण येणार होतं एस्टोनियाहून लाटंबार्सेला? सगुणने लॅपटॉप ओढलाही. पण बोटं चालेनात. पहिलं खोटं हौसेचं होतं. हे दुसरं नासकं झालं असतं. बाई त्या भरवशावर पुढची कैक वर्षं एक मेलेलं ओझं वाहत राहिली असती, आणि ते कोणासाठी, तर आपली लाज झाकणाऱ्या एका माणसासाठी. त्याने घाम पुसला आणि खरं ते लिहून टाकलं. सिस्टम चालत नाही, अर्ध्यावर थांबते. आणि परवा लिहिलं तेही खरं नव्हतं. मशीन कित्येक वर्षं बंदच होतं, त्यावर आम्ही बरणी ठेवायचो. कोणीच बोललं नाही म्हणून मी बोललो. माफ करा.

ते पत्र गेलं आणि सगुणला वाटलं, संपलं. तो भिंतीला टेकून बसला. कमलाक्षीने सगळ्यांना चहा दिला, पण तो कोणी चवीने प्यायलं नाही.

उत्तर आलं ते एका ओळीचं. रागाचं एक अक्षर नाही, बरणीत काय होतं तेही विचारलं नाही. एवढंच, की पडद्यावरची शेवटची ओळ कोणती?

सगुण ताडकन उठला. विठूने मोबाइलवर पडद्याचा फोटो काढला, तो पाठवला. घटकाभराने मारितचं लांबलचक पत्र आलं आणि सगुण ते वाचताना मधेच थांबून चष्मा पुसायला लागला. मशीनला काही झालं नव्हतं. चूक तिची होती. दोन वर्षांपूर्वी साफसफाई करताना तिने एक बारीकसा तुकडा नको म्हणून काढला होता, आणि या जातीच्या चिपेला नेमका तोच लागत होता. तेव्हापासून ही सिस्टम अशा एकाही मशीनवर चालणं शक्य नव्हतं, आणि कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. शेवटी तिने लिहिलं होतं, की हा भाग मी पंधरा वर्षं सांभाळते आहे, आजवर मला एकाही माणसाने चालत नाही असं कळवलं नाही. मी समजत होते, सगळं ठीक चाललं आहे. तुम्ही पहिले.

सगुणने ते सगळ्यांना आपल्या बोलीत सांगितलं. म्हणजे तिकडे एक बाई पंधरा वर्षं दिवा लावून बसली होती आणि तिला हेही ठाऊक नव्हतं, की अंगणात कोणी आहे की नाही. ट्रकवाले मशीनजवळ सरकले. मग विठू एवढंच म्हणाला, की चल, लाव परत.

मग काय विचारता. मारितने तुकडा परत घालून नवी आवृत्ती पाठवली. यादीवरचे दुसरे शहाणे तोवर जागे झाले होते. दोन वर्षं मोडलेलं होतं आणि कोणाला कळलं नाही, म्हणजे कोणाला ते नकोच आहे, आजच काढा, असा त्यांनी एकच धोशा लावला. बाईने त्यांना एका वाक्यात गप्प केलं. काढायचं तर काढू, पण मोडकं काढणार नाही. इकडे सगुण फ्लॉपी भरत होता, मशीन खर्रखर्र ओढत होतं, अर्धवट ओळ पूर्ण होऊन ओळी पुढे सरकल्या, ओसरीवर आरडाओरडा झाला आणि मशीन आणखी एका ओळीवर अडलं. परत फोटो, परत पत्र, परत नवी फ्लॉपी. जेवणं राहिली. कमलाक्षीने पेजेचं भांडं तिथेच आणून ठेवलं आणि स्वतःही तिथेच बसली. ऊन ओसरीवरून उतरून अंगणात गेलं. नितीनने म्हापशाहून फोन करून विचारलं, काय झालं? कोणाला उत्तर द्यायला सवड नव्हती.

तिसऱ्या खेपेला ओळी थांबल्या नाहीत. पडदा भरला, वर सरकला, परत भरला, आणि मग सगळं निवांत होऊन पडद्यावर नाव विचारणारी ती ओळ आली, जी सगुणने काट्यावर रोज सकाळी पाहिली होती. पुढे छोटी पांढरी रेघ लुकलुकत होती. सगुणने स्वतःचं नाव टाइप केलं. मशीनने त्याला आत घेतलं. त्यानंतर ओसरीवर काय गोंधळ झाला ते सांगण्यासारखं नाही. विठू नाचला, एवढं पुरे. सगुण लहान मुलासारखा रडत होता आणि हसतही होता, आणि त्याला कोणाचीच शरम वाटत नव्हती.

पण प्रश्न अजून उरला होता, आणि तो मारितने सरळ विचारला. आता चालतं. तुमचा शब्द खरा झाला. सांगा, ठेवू का? तुम्हाला हवं असेल तर मी बाकीच्यांशी भांडेन आणि ठेवेन.

हो म्हणणं किती सोपं होतं. सगळी ओसरी हो म्हणा, हो म्हणा करत होती. सगुणने मशीनकडे पाहिलं, मग रस्त्याकडेच्या ताडपत्र्यांकडे पाहिलं. वजन करायला आता ट्रक येणार नव्हता. या मशीनवर करायचं असं त्याच्याकडे काही उरलं नव्हतं, आणि त्याच्या हौसेपायी ती बाई दर कामात वळसे घालत राहणार होती. कमलाक्षी जवळ येऊन म्हणाली, "त्या बायेक आता मेकळी करात." सगुणला तिचा राग आला, कारण त्याच्या मनातही तेच आलं होतं. हे मागावं असं त्याला कधी वाटलंच नव्हतं. त्याला फक्त ते मुकाट्याने जाणं सोसवलं नव्हतं. त्याने लिहिलं, की काढा. माझी हरकत नाही. तुम्ही विचारलंत, त्यातच सगळं आलं.

कमलाक्षीने ओसरीवरचा दिवा लावला. गुरं घरी परतली, देवळात सांजवातीची घंटा झाली. मग मारितने आवृत्ती बंद केली आणि जाहीर केलं, की या चिपेवर चालणारी ही शेवटची. पुढच्या आवृत्तीपासून हा भाग निघाला. असा भाग काढला की कारण लिहून ठेवायचं, ही त्या मंडळींची रीत. तिने काय लिहिलं ते सगुणने आधी मनात वाचलं. विठू म्हणाला, मोठ्याने वाच. सगुणने इंग्रजीत वाचलं. विठू म्हणाला, आमच्या भाशेत वाच.

तेव्हा सगुण उभा राहिला आणि त्याने ओसरीवरच्या सगळ्यांना वाचून दाखवलं. ही सिस्टम या जातीच्या मशीनवर शेवटची लावून बघितली सगुण गावस यांनी, गाव लाटंबार्से, गोवा. उत्तम चालते.

शेवटचे दोन शब्द त्याने पुन्हा एकदा वाचले. गुरुवारी सकाळी त्याने जे लिहिलं होतं, ते आता खोटं राहिलं नव्हतं.